मागचा उजवा कोपरा

मंदी आली हे ट्रकच्या अड्ड्यावरच्या पुरुषांच्या आधी वहिनीला कळलं. वर्तमानपत्रातून नव्हे, तिच्या घरी वर्तमानपत्र यायचं ते सामानाला गुंडाळून, तेही शिळं. तिला कळलं ते दाभणामुळे. ट्रकच्या फाटक्या ताडपत्र्या शिवणं हा तिचा धंदा, आणि ताडपत्र्या फाटायच्याच थांबल्या होत्या. गाडी रस्त्यावर धावली की ताडपत्री वाऱ्याने फाटते, दोराने फाटते, मालाच्या खिळ्याने फाटते. गाडी उभी राहिली तर फाटेल कशाला? मेणाच्या दोऱ्याचं रीळ तिने आणलं तसंच कपाटात पडून होतं, आणि एरवी तेलाची धार मागणारं शिलाई मशीन मुक्यासारखं बसलं होतं.

अड्ड्याच्या फाटकाला लागूनच तिची पत्र्याची शेड. मागे दोन खोल्या, तिथे सासूबाई आणि शाळेत जाणारी मुलगी. पुढे मशीन, आणि मशीनसमोर सगळा अड्डा. ड्रायव्हरची बायको म्हणून सगळे तिला वहिनी म्हणत. तिच्या बापाच्या वयाचेही वहिनीच म्हणत. तिच्या नवऱ्याला मात्र अड्ड्यावर नवरदेव हे नाव पडलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवून त्याने स्वतःचा ट्रक घेतला, तो भरभराटीच्या काळात. तेव्हा मालाची भाडी ठरवणारा दलाल स्वतः घरी फोन करून "गाडी देता का" म्हणून अजिजी करायचा. नवीन ट्रक घेऊन हा अड्ड्यावर आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, आणि दिवसभर फडक्याने काच पुसत बसला. त्याला नाव मिळायला तेवढं पुरलं.

त्याच काळात सगळ्यांनीच ट्रक घेतले होते, हीच तर गोम होती. मग कारखान्यांच्या पाळ्या कमी झाल्या, गोदामं भरून राहिली, माल घेणाराच नाही तर पाठवायचा कुणाला? गाड्या ढीगभर आणि माल मूठभर. भाडं घसरत घसरत इतकं खाली आलं की डिझेल आणि टोल वजा केला तर ड्रायव्हरने वाटेत चहासुद्धा पिऊ नये.

अड्ड्यावर एक जुनी पद्धत होती. रिकामी गाडी उघडी ठेवायची नाही. हौद्यावर लोखंडी कमानी उभ्या करायच्या, त्यावर ताडपत्री टाकायची आणि दोर असे ओढायचे की गाडी मालाने भरलेली वाटावी. दलालाला कळता कामा नये की कोणाकडे काम आहे आणि कोण आठवडेच्या आठवडे माश्या मारतोय. कळलं की तो भाडं पाडणार. ही पद्धत मामाने पाडली होती. मामा म्हणजे अड्ड्यातला सगळ्यात जुना ड्रायव्हर, गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून काठी घेऊन फाटकाशी बसणारा. त्याच्या गाडीवर आता जावई होता. अड्ड्यावरची भांडणं मामापर्यंत जात आणि तिथेच मिटत.

नदीवरून दुपारी वारा सुटला की त्या झाकलेल्या रिकाम्या गाड्या फुगत आणि बसत, झोपलेल्या माणसाच्या पोटासारख्या. भरलेल्या गाडीची ताडपत्री मालाला चिकटून असते, ती हलत नाही. दलाल आपल्या खोलीत पंख्याखालून उठत नसे, त्याला एवढं बारीक कुठून दिसणार? पण जन्मभर दोर ओढलेल्या माणसाला ते लांबूनही दिसे. वहिनीलाही दिसे. मशीनवर बसल्या बसल्या ती त्या फुगणाऱ्या गाड्यांकडे पाही आणि आज किती वाढल्या ते मोजी.

शेवटी मामाने सगळ्यांना बसवलं आणि ठरलं. जुन्या भाड्याच्या खाली कोणीही माल भरायचा नाही. सगळे उपाशी राहिले तर दलालालाही माल पोचवता येणार नाही, मग येईल झक मारत. ठराव सोपा होता. तो पाळून घेण्याचं काम पैलवानाने अंगावर घेतलं. पैलवान काही कुस्ती खेळलेला नव्हता, पण मान होती तशी. त्याने फाटकाच्या आत दगडांचा ढीग रचला आणि पुलाकडे जाणारी प्रत्येक गाडी तो आणि त्याचे दोन सोबती थांबवून पाहू लागले.

तो ढीग वहिनीच्या मशीनवरून रोज दिसायचा. दुसऱ्या एका अड्ड्यावर असाच ठराव मोडणाऱ्या ड्रायव्हरची पुढची काच फोडली होती. तो माणूस तिच्याकडे एकदा ताडपत्री घेऊन आला होता, डोळ्यावर पट्टी. पट्टीखाली काय आहे हे तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. आपली ताडपत्री कुठे फाटली आहे ते त्याने हाताने चाचपून दाखवलं, तेव्हापासून तिला काचेचा आवाज नुसत्या विचारानेही ऐकू येई.

दिवस जात होते तशा गाड्याही थोड्या थोड्या कमी होत होत्या, पण त्याला कारणं होती. एकजण सासुरवाडीला गेला, एकाने इंजिन उतरवलं, मामाची गाडी रंगाला गेली. परत येत, झाकून उभ्या राहत. संशय घ्यावा असं कोणाच्या मनात नव्हतं, निदान वहिनीच्या तरी नव्हतं.

मग ट्रकच्या कर्जाचा हप्ता थकला म्हणून वित्त कंपनीचा माणूस घरी येऊन गेला. आवाज चढवला नाही, उलट सासूबाईंच्या तब्येतीची चौकशी केली. जाताना त्याने ट्रकभोवती एक फेरी मारली आणि टायरला हात लावून पाहिला. विकत घ्यायला आलेला माणूस लावतो तसा. नवरदेव त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी अंगणात कपडे वाळत घालणाऱ्या बायकोजवळ येऊन त्याने हळूच सांगितलं की दलालाने त्याला बाजूला घेतलं होतं. पुलाअलीकडच्या कारखान्यात फोमच्या गाद्या पडून आहेत. भाडं निम्मं. पण लगेच रोख. आणि हे फक्त तुझ्यासाठी, असं दलाल म्हणाला होता, बाकी कोणाला मी विचारलेलं नाही.

ओला टॉवेल वहिनीच्या हातात तसाच राहिला. नाही म्हणायला तिने तोंड उघडलं, पण म्हणायचं काय? ट्रक गेला तर तो पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर जाणार, आणि दुसऱ्यांच्या गाड्या तरी कुठे चालत होत्या? ती एवढंच म्हणाली, "पैलवान बघेल."

"फोम आहे गं. वजन नाही, चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दबणार नाहीत. ताडपत्री तर रिकामीलाही असतेच. आतलं कोणाला दिसतंय?"

ते खरंच होतं. रिकामेपण लपवायची सगळ्यांनी मिळून काढलेली युक्ती आता भरलेपण लपवायला आयती कामी येणार होती. वहिनीला त्याची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. तरी ती म्हणाली की मीही येते. बाई शेजारी बसलेली असली तर दगड टाकताना माणूस एकदा तरी विचार करेल.

सकाळी टायरमध्ये हवा भरायच्या निमित्ताने त्यांनी गाडी कारखान्याच्या बाजूला नेली. हमाल गाद्या फेकत होते आणि नवरदेव क्लीनर नसल्यामुळे स्वतः हौद्यात उभा राहून रचत होता. वहिनीने ताडपत्री ओढली, दोर ओढले, सवयीने गच्च गाठी मारल्या. तिच्या हातची गाठ म्हणजे दाताने सुटायची नाही. गाद्यांवर झोपणाऱ्यांचं नशीब बरं, असं तिच्या मनात आलं. त्या पोचवणाऱ्यांना झोप नव्हती.

महामार्गाला जायचं तर पूल, आणि पुलाला जायचं तर अड्ड्याच्या फाटकासमोरून. दुसरा रस्ताच नव्हता. ते तिथे आले तेव्हा नेमका वारा सुटला होता. पैलवान रस्त्यात आडवा उभा. नवरदेवाने गाडी थांबवली आणि खिडकीतून हसला. त्याचं हसू बघून वहिनीला वाटलं, हा आता याच हसण्याने पकडला जाणार.

त्याने पाठ केलेलं सांगितलं. पाटे कुरकुरतात, अलीकडच्या मेकॅनिककडे सामान नाही, पुलापलीकडे दाखवून आणतो. वहिनी कुठे निघाल्या, असं पैलवानाने विचारलं. वहिनीने गालाला हात लावला आणि दात दुखतोय म्हणून सांगितलं. तिचा जबडा खरोखरच थडथडत होता, त्यामुळे त्याला ते पटलं असावं. तो वाकून पाटे बघू लागला. भरल्या गाडीसारखे ते वजनाने सरळ झाले नव्हते. फोमने आपलं काम केलं होतं.

वहिनीने बाजूच्या आरशात पाहिलं. आरशात सगळा अड्डा दिसत होता. ओळीने उभ्या झाकलेल्या गाड्या वाऱ्याने फुगत होत्या, बसत होत्या, फुगत होत्या. त्यांच्या स्वतःच्या गाडीची ताडपत्री तेवढी मेल्यासारखी स्थिर होती. पैलवानाने पाट्यांवरून मान वर केली की संपलं. त्याने आणखी काही बघायची गरज नव्हती.

तेवढ्यात काठी टेकत मामा उठला. तो गाडीला वळसा घालून मागे गेला, रस्त्याच्या पलीकडच्या, म्हणजे उजव्या बाजूला. काठीचा ठोका ताडपत्रीवर पडला तो वहिनीला ऐकू आला. ढब्ब. रिकाम्या गाडीचा आवाज असा येत नाही. ती कशीबशी दार उघडून उतरली आणि गाठ बघायचं सोंग करत मागे धावली. नवऱ्याच्या आधी तिला मामाचे पाय धरायचे होते.

मामाने तिला पाय धरू दिले नाहीत. तिच्याकडे न बघताच तो हलक्या आवाजात बोलला.

"रिकामी गाडी कोणी इतकी गच्च बांधतं का, पोरी? हा मागचा उजवा कोपरा सोड. फडफडू दे. पुलापलीकडेही आपली माणसं असतात, गोदाम येईपर्यंत बांधू नकोस."

तिच्या बोटांना गाठ सुटेना. मामाने काठीच्या टोकाने ती सोडवली. कोपरा सुटला आणि वाऱ्याने फट फट वाजायला लागला. मामा पुढे आला आणि पैलवानाला म्हणाला की रिकामी आहे, जाऊ द्या. पैलवानाने त्या फडफडणाऱ्या कोपऱ्याकडे एकदा पाहिलं आणि बाजूला झाला. का कोण जाणे, त्याने वहिनीच्या नजरेला नजर दिली नाही.

सगळ्या वाटेवर तो कोपरा वाजत होता. वळणावर वाजायचा, उतारावर वाजायचा, टोलनाक्यावर गाडी थांबली की गप्प व्हायचा आणि तेव्हा वहिनीला आणखी भीती वाटायची. समोरून अड्ड्यावरच्यासारखी गाडी आली की नवरदेव मान खाली घाली. गोदामाला पोचून उतरून पाहिलं तर कोपऱ्याची दोर ओवायची रिंग उपटून गेली होती आणि ताडपत्री हातभर उभी फाटली होती. गाद्यांना काही झालं नव्हतं. पैसे रोख मिळाले, हप्ता भरला गेला. सासूबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि त्या दिवशी नवरदेव पोटभर जेवला. वहिनीने आपली ताडपत्री शिवायला घेतली नाही. लोकांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून ती घडी करून शेडच्या मागे टाकून दिली आणि गाडीवर शेडमधली एक जुनी चढवली.

मामाबद्दल तिच्या मनात इतकी माया दाटून आली की दुसऱ्या दिवशी तिने त्याला दोनदा चहा नेऊन दिला. मामाने तो घेतला, पण खाली बघून.

आणि मग तिच्याकडे काम यायला लागलं.

पहिली ताडपत्री आली ती सासुरवाडीहून आलेल्या ड्रायव्हरची. वहिनीला आनंद झाला. रीळ कपाटातून निघालं, मशीनला तेल मिळालं. दुसरी आली इंजिन उतरवलेल्याची. तिसरी, चौथी. कोणी वाऱ्याने म्हणालं, कोणी जुनी झाली म्हणालं. ती गुणगुणत शिवत होती, आणि एका ताडपत्रीचा फाटका भाग मशीनखाली सरकवताना तिचा पाय थांबला. तिने ती उलटली, पुन्हा सुलटली. मागच्या ताडपत्र्या ओढून बाहेर काढल्या आणि एकेक पसरून पाहिल्या. सगळ्या मागच्या उजव्या कोपऱ्यात फाटल्या होत्या. रिंग उपटलेली, आणि हातभर उभी चीर.

शेडमध्ये ऊन येत होतं आणि तिला थंडी वाजत होती.

त्याच वेळी पैलवान दारात उभा राहिला, खांद्यावर ताडपत्रीची वळकटी. ती जमिनीवर टाकून म्हणाला, "जरा बघा वहिनी. उंदरांनी कुरतडली."

वहिनीने न उलगडताच विचारलं, "मागच्या उजव्या कोपऱ्यात ना?"

पैलवानाने कपाळ पुसलं. "घरी म्हातारी आजारी आहे," एवढं तो म्हणाला आणि निघून गेला. एरवी शेडच्या दाराला डोकं आपटणारा माणूस, त्या दिवशी वाकून गेला.

शेवटी मामाचा जावई आला. गाडीला नवीन रंग लागलेला नव्हता, ताडपत्री मात्र फाटली होती. सासऱ्यांनी सांगितलंय, कोपरा दुहेरी शिवा, पुन्हा फाटता कामा नये, असं त्याने निरोप्यासारखं सांगितलं. पुन्हा, या शब्दावर वहिनी अडखळली. म्हणजे ही एक फेरी नव्हती. प्रत्येकाच्या फेऱ्या चालू होत्या, प्रत्येकजण निम्म्या भाड्यात आणि मग निम्म्याच्या खाली, आणि प्रत्येकाला वाटत होतं की चोर एकटा मीच. नवऱ्याला तिने विचारलं की दलालाने पुन्हा बोलावलंय का. त्याने होकारार्थी मान हलवली. या वेळी भाडं आणखी कमी आहे, तो म्हणाला, पण फक्त माझ्यासाठी म्हणून देतोय.

तिला रडू फुटलं नाही, संताप आला. पण संतापाच्या खाली भीती तशीच होती, उलट वाढलेली. आता सांगितलं तर पहिला दगड आपल्याच काचेवर. न सांगितलं तर दलाल एकेकाला बाजूला घेत राहणार, आणि भाडं तळाला जाईपर्यंत सगळे एकमेकांना घाबरत कोपरे सोडत राहणार. मग वित्त कंपनीचा माणूस येईल आणि टायरला हात लावून गाडीच घेऊन जाईल.

दुपारी मामाने पुन्हा सगळ्यांना बसवलं होतं. दलालाने नवा, आणखी उतरलेला भाव लावला होता आणि ठराव पुढे चालवायचा होता. पैलवान मोठ्या आवाजात म्हणत होता की आपल्यातल्या एकानेही भरलेलं नाही, आता माघार नाही. सगळ्यांचे हात वर झाले. मागच्या ओळीत नवरदेवाचा हातही वर झाला. वाऱ्याने गाड्या फुगत होत्या.

वहिनीने शेडच्या मागून स्वतःची ताडपत्री काढली. ताडपत्री म्हणजे काही ओढणी नव्हे. ती तिने फरफटत नेली. माणसं बाजूला झाली. मधोमध ती पसरून तिने फाटका कोपरा पैलवानाच्या पायाशी सरकवला.

"ही आमची," ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला, पण थांबला नाही. "आम्ही फोम भरला. निम्म्या भाड्यात."

नवरदेवाचा चेहरा पांढराफटक पडला. कोणीतरी शिवी हासडली. पैलवान उठला, त्याची नजर दगडांच्या ढिगाकडे गेली, आणि वहिनीला खाली बसावंसं वाटलं. ती बसली नाही.

"थांबा," ती म्हणाली. "अजून आहेत."

ती शेडकडे परत गेली. कोणी मदतीला आलं नाही, कोणी अडवलंही नाही. तिने दुसरी ताडपत्री ओढत आणून पहिलीशेजारी पसरली, कोपऱ्याला कोपरा लावून. कोणाची ते सांगितलं नाही. आपली ताडपत्री ओळखत नाही असा ड्रायव्हर नसतो. पैलवान होता तिथेच पुन्हा खाली बसला. तिसरीला ती वाकली तेव्हा तिच्याबरोबर आणखी एक हात लागला. मामा होता. काठी टाकून तो आपलीच ताडपत्री ओढत होता.

"पहिल्याला वाचवलं," तो म्हणाला, तिला की सगळ्यांना ते कळलं नाही. "मग दुसऱ्याला नाही कसं म्हणू? मग घरच्या गाडीने काय पाप केलं होतं?"

बाकीच्या आणाव्या लागल्या नाहीत. इंजिनवाल्याने सासुरवाडीवाल्याकडे बघून विचारलं की तुला दलाल काय म्हणाला होता. फक्त तुझ्यासाठी. मलाही. मलाही तेच. हे शब्द रांगेतून पुढे सरकत गेले आणि शेवटच्या माणसापाशी येऊन थांबले. दलालाच्या खोलीत पंखा फिरत होता. त्याने खिडकीतून एकदा बाहेर पाहिलं, पसरलेल्या ताडपत्र्या पाहिल्या, आणि पुन्हा फोन कानाला लावला. त्याला घाईही दिसत नव्हती.

वहिनी वाट बघत उभी राहिली. काचेच्या आवाजाची, शिव्यांची, निदान पैलवानाच्या एखाद्या थपडेची. कोणी उठलं नाही. नवरदेव पुढे आला आणि त्याने वाकून आपल्या ताडपत्रीची घडी घालायला घेतली. त्याच्या हाताला घडी येईना. दगडांचा ढीग फाटकाशी जसाच्या तसा पडून होता. इतके दिवस तिला त्या ढिगाची भीती वाटत आली होती. आता एकही हात त्याच्याकडे गेला नाही. ठराव सगळ्यांनीच मोडला होता, आणि उद्या दलाल जे म्हणेल त्याला नाही म्हणणारं अड्ड्यावर कोणीच उरलं नाही, हे कळून ती खाली बसली.